शौनकचे उष्टावण आणि विनापरवाना बँजो

नाव नलिनी विद्याधर तावडे, वय ६८ वर्षे, शिक्षण बी.ए., विमा कार्यालयातून सेवानिवृत्त, राहणार रत्नसागर सोसायटी, घाटकोपर पूर्व, मुंबई.

आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा मिहिर, सून अक्षता व नातू शौनक, वय चार, यांच्यासह राहते. सोसायटीची सचिव मीच आहे. आवारात विनापरवाना वाद्ये वाजवू नयेत, ही जिन्यातली सूचना माझ्याच सहीची आहे.

शौनकची अन्ननलिका जन्मतः मध्येच तुटलेली होती आणि तिचा खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला होता. जन्मल्याबरोबर शस्त्रक्रिया करून ती सांधली. सांधा पुढे आकसत राहिला. तो दुर्बिणीतून अनेकदा रुंद करावा लागला. श्वासनलिका मऊ असल्याने त्याचा खोकला कुत्र्याच्या भुंकण्यासारखा येतो. आजवर त्याचे पोषण पोटातल्या नळीवाटे व पातळ पदार्थांवर झाले. गेल्या खेपेस डॉक्टरांनी मऊ अन्न सुरू करा म्हणून सांगितले. तेही उतरले नाही तर पुन्हा छाती उघडावी लागेल, हेही सांगितले.

सहाव्या महिन्यात करायचे उष्टावण यामुळे राहून गेले होते. ते रविवारी दुपारी केले. सुनेचा भाऊ जयवंत, राहणार भांडुप, याने मामाचा मान म्हणून सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली. खीर उतरली. पातळ असल्याने ती उतरतेच. प्रश्न तांदळाच्या मऊ घावनाचा होता.

जयवंतने मला न विचारता आपल्या गल्लीतली बँजो पार्टी आणून खाली उभी केली होती. मी त्याला बजावले, "आधी घास पोटात, मग तुझी वाजंत्री." त्याने पार्टीतल्या मुलांना सांगून ठेवले, गॅलरीतून टॉवेल हलला की वाजवायचे. मिहिर खाली गाडीपाशी थांबला होता. मुलाला खाताना बघणे त्याला जमत नाही.

नारळाच्या रसात भिजवलेला घावनाचा तुकडा शौनकने स्वतःच्या हाताने तोंडात घातला. तो अडकला. मूल खोकू लागले, लाळ गळू लागली. अक्षताने त्याला ताठ उभे केले व पाण्याचा घोट दिला. जयवंत गॅलरीत धावला आणि "भावोजी, गाडी काढा!" असे ओरडला. टॉवेल त्याच्या हातात होता. तो हलला.

बँजो, ताशा, सगळे एकदम सुरू झाले. मूल खोकते आहे की थांबले, हे ऐकू येईना. अक्षता त्याच्या ओठांच्या रंगाकडे बघत होती. मीही. शौनकने त्या तालावर दोन उड्या मारल्या, थांबला, आणि बोट गळ्यापासून पोटापर्यंत ओढून दाखवले. मग माझ्या कानाला तोंड लावून म्हणाला, "आजी, गेला. अजून दे ना!"

त्याने अख्खे घावन खाल्ले. त्याला वेळ लागला. तोवर वाद्ये बंद करा असे मी सांगितले नाही.

तक्रारीत एक वयस्कर बाई गॅलरीत नाचत होती, असे म्हटले आहे. ती मी. याबाबत अधिक काही सांगायचे नाही.

तक्रारदार शिवदास, आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे, वर आले. म्हणाले, "मॅडम, जिन्यातली नोटीस कोणाची? तुमचीच ना?"

"माझीच. उद्या ओरडा. आज घावन खा."

"रस आहे?"

"आहे."

त्यांनी चार घावने खाल्ली, हात धुतले आणि पोलिसांना फोन केला. त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. परवाना नव्हता, हे खरे आहे. जयवंतला यात धरू नये. सचिव मी आहे.

हा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "नातू आजारी असून त्यास जेवता येत नाही" असे वाक्य होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "नातू जेवतो" असे लिहिले आहे. आता बरोबर आहे.