चौऱ्याण्णव टक्के

मेहुणा : ही पाचवीसुद्धा उघडत नाही, दाजी.

डॉक्टर : उघडत नाही म्हणजे काय? डबल क्लिक कर.

मेहुणा : दोन वर्षं कोर्स केलाय मी. डबल क्लिक पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. फाइलच अर्धी आहे. कॉम्प्युटर निळा पडतो ना, तेव्हा बंद होण्याआधी तो पोटातलं सगळं एका फाइलीत ओततो. मृत्यूपूर्व जबानी समजा. कशामुळे मेलो, ते त्यात असतं. तुमच्याकडे पाच जबान्या आहेत आणि पाचही मधेच तुटलेल्या.

डॉक्टर : बघितलंत ताई? पुरावाही शिल्लक ठेवला नाहीत.

ताई : मी? अशी फाइल असते हेच मला आत्ता कळलं. अकरा वर्षं इथे एक्स-रे काढतेय. मोडलेली बरगडी मला कळते, मोडलेली फाइल नाही.

डॉक्टर : तुमच्या पेनड्राइव्हमधल्या गाण्यांनी वाट लावली. महिन्यात पाच वेळा पडला! पूर्वी पडायचा कधी?

ताई : पेनड्राइव्ह मी दोनदा लावला. दोन्ही वेळा तुमच्या मुलीचा शाळेचा प्रकल्प छापायला, तुम्हीच सांगितलंत म्हणून. गाणीही तिचीच.

डॉक्टर : विषय बदलू नका. पत्र टाइप करून ठेवलंय. उद्यापासून येऊ नका, एवढंच आहे त्यात.

ताई : आणि मी सकाळीच सांगितलंय. माझ्यामुळे पडतो असं मशीनने सांगू दे, सही करून जाते. त्याआधी नाही.

मेहुणा : सांगेल की. पेनड्राइव्ह, छपाईचा प्रोग्राम, खराब मेमरी, जे असेल ते सांगेल. पण फाइल पूर्ण पाहिजे.

डॉक्टर : मग पाड ना एकदा! लवकर. बाहेर चौदा माणसं खोकतायत.

ताई : मोठी फिल्म छापायला दिली की बहुतेक पडतो. देऊ?

मेहुणा : द्या.

ताई : ...पडला. निळा.

मेहुणा : शाब्बास. आता कुणी हात लावायचा नाही. खाली आकडा आहे ना, तेवढे टक्के लिहून झालेत. शंभर झाले की आपला आपण उठेल.

डॉक्टर : किती वेळ?

मेहुणा : डिस्क म्हातारी आहे. दहा मिनिटं धरा.

डॉक्टर : दहा मिनिटांत मी तीन पेशंट तपासतो!

ताई : चार.

मेहुणा : एरवी किती वेळ लागायचा?

ताई : एरवी मी हा आकडा दहाच्या पुढे गेलेला बघितलाच नाही. मी ‘पडला’ म्हणून ओरडते, डॉक्टर तपासणी सोडून धावत येतात आणि बटण दाबून धरतात.

मेहुणा : दाजी...

डॉक्टर : दाजी काय दाजी? अडकलेलं मशीन बंद करून चालू करायचं, हे शेंबडं पोरही सांगेल.

मेहुणा : अडकलं नव्हतं, बोलत होतं. जबानी चालू असताना पाचही वेळा तुम्ही त्याचा गळा दाबलात.

डॉक्टर : मला काय माहीत? आकडा वाढताना दिसायचा, मला वाटलं तेवढं मोडलंय.

मेहुणा : बसा. सत्तावीस झाले.

डॉक्टर : मघाशीही सत्तावीसच होते.

मेहुणा : मघाशी म्हणजे हे वाक्य सुरू करताना.

ताई : डॉक्टर, पाय हलवू नका. टेबल हलतंय.

डॉक्टर : पाय माझा आहे.

ताई : टेबलावर मशीन आहे आणि मशीनमध्ये माझी नोकरी.

मेहुणा : पन्नास. अर्धं मैदान मारलं.

डॉक्टर : बाहेर कुणीतरी दार वाजवतंय. बघून येऊ?

ताई : या. सावकाश या.

डॉक्टर : नको. माझ्या पाठीमागे तुम्ही काही केलंत तर?

मेहुणा : एकाहत्तर.

डॉक्टर : घाम बघ माझा. हे माणसाच्या प्रकृतीला चांगलं नाही.

ताई : मी पेशंटला श्वास रोखायला सांगते, तसा रोखा.

डॉक्टर : ते दोन सेकंदांचं काम असतं!

मेहुणा : नव्वद! आलंच आता.

ताई : त्र्याण्णव.

डॉक्टर : चौऱ्याण्णव. ...चौऱ्याण्णव. ...अजून चौऱ्याण्णवच! अडकलं हे.

मेहुणा : नाही अडकलं.

डॉक्टर : अरे हलत नाहीये, डोळ्यांना दिसतंय मला—

मेहुणा : दाजी, बोट! बोट काढा!

(स्क्रीन काळी होते.)

डॉक्टर : ...सवयीने गेलं.

मेहुणा : सहावी.

ताई : त्या पत्राचं काय करायचं?

डॉक्टर : अजून सिद्ध कुठे झालंय काही?

ताई : नाही ना? मग पूर्ण फाइल मिळेपर्यंत मी नोकरीवर.

डॉक्टर : ...मिळेपर्यंत.

मेहुणा : दाजी खोलीत असताना ती मिळायची नाही, ताई. निवृत्त व्हाल तुम्ही.

ताई : चला, बाहेर एका काकांची छातीची फिल्म राहिलीय, त्यांना आत घेते.

डॉक्टर : हे सुरू व्हायला वेळ लागेल. तोवर मी काय करू?

ताई : बाहेर बाकावर बसा. बोलावते मी.