नवरीच्या खुर्चीवरून उजेड

मी मूळचा कामठीचा. बाप पावरलूमवर होता, आणि आमच्या गल्लीत लाईट गेली की सगळे माग एकदम गप होत, इतके गप की आई चुलीपुढून ओरडे, अगा कोणी मेलं काय, आणि लाईट आली की मी गल्लीभर नाचो. उजेडाचं वेड तेव्हापासूनचं. पुढं नागपुरात मांडववाल्याकडं लागलो, आता तीस वर्षं झाली, लग्नाचे लाईट लावून राहिलो. काय सांगू तुमाले, माझ्या उजेडात एकेक नवरदेव असा चमकला की दुसऱ्या दिवशी त्याच्या सासूनं त्याले ओळखला नाही.

माझी एक रीत आहे. पाहुणे यायच्या आधी मी स्वतः नवरीच्या खुर्चीवर बसतो. डोक्यावर दुपट्टा घेतो, लाजून खाली पाहतो, मग हळूच वर पाहतो. हसू नका. त्या पोरीले तिथं तीन तास बसायचं असते, उजेड डोळ्यात टोचला तर पाणी येते, आणि लोकं म्हणतात, माहेर सुटून राहिलं म्हणून रडून राहिली. आमची प्रज्ञा लहानपणी हे पाहून टाळ्या पिटे, आई, पाह्य वं, बाबा पुन्हा नवरी झाले.

प्रज्ञा म्हणजे आमची एकुलती एक. कॉलेजात मासोळ्यांचं शिकली आणि एक दिवस काचेची टाकी घेऊन आली, सोफा होता तिथं ठेवली. नागपुरात समुद्राचं पाणी कुठून आणलं असं जो तो विचारे. पाकिटातलं मीठ साध्या पाण्यात मिसळायचं, झाला समुद्र. त्यात एका दगडावर चिकटलेलं तिचं कोरल, म्हणजे प्रवाळ, हिरव्या बटनांचा झुपकाच म्हणा, पण जिवंत, उजेडावर जगणारं. माझी बायको सुनंदा म्हणे, लोकं गाय पाळतात, आमी बटन पाळतो.

मग तिले कोचीले नोकरी लागली. आधी तिनं समुद्र घरी आणला, मग स्वतःच त्याच्याकडं निघून गेली. स्टेशनवर म्हणे, बाबा, मले बाकी काही नको, माझं कोरल जगवा, मी येईन तेव्हा ते उघडलेलं दिसलं पाहिजे. मी मोठ्या तोंडानं हो म्हणलं. त्याले तीन वर्षं झाली.

या उन्हाळ्यात टाकीवरच्या ट्यूब जुन्या झाल्या, उजेड पिवळा पडला. जरीपटका भागात पाळायच्या मासोळ्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणे, काका, ट्यूब लावा तर उजेड सगळीकडं सारखा पडते, पण वर्षाले बदलवा लागते. मेटलचा तो भगभगीत मोठा लाईट लावा तर तळाशी लाटांची सावली नाचते, खरा समुद्र वाटते, पण नागपूरच्या गरमीत पाणी उकळून काढते. एलईडी घ्या, निळा, थंडा, हळूहळू वाढवता येते. मले हसू आलं. मेटलचे चार लाईट तर माझ्याच गोदामात पडून, मांडवातले! म्हणलं, बापू, तू मले उजेड शिकवतो? तो म्हणे, काका, अंदाजानं लावू नका.

गोदामातला लाईट आणून अंदाजानंच लावला. पहिल्या दिवशी काय लाटा नाचल्या, सुनंदासुद्धा कमरेवर हात ठेवून म्हणे, बाई, किती सुंदर! आठव्या दिवशी पाणी कोमट, बटनं मिटलेली, आणि मग शिजल्या भातावाणी पांढरी झाली. प्रज्ञाचा व्हिडिओ कॉल आला की मी फोन सुनंदाच्या तोंडासमोर धरो, टाकी फोनच्या मागं लपवून, अन् तिच्या अंगावर उजेडाचा पूर. एक दिवस पोरगी म्हणे, आई, तू इतकी काहून चमकून राहिली? बाबा, टाकीत लगन लावून राहिले काय? मी हसलो, आणि हसता हसता सगळं सांगून टाकलं. मले वाटलं, आता बोलणी बसणार. तर हळूच म्हणे, बाबा, तुमी यावेळी नवरीच्या खुर्चीवर बसलेच नाही.

दुसऱ्याच दिवशी एलईडी आणला. लावला तर कसनुसा निळा उजेड, अंगणातल्या चांदण्यावाणी, हात शिवशिवे वाढवाले. पण खुर्ची ओढली, दुपट्टा घेतला, गाल काचेले लावला, कोरलच्या उंचीवर आलो आणि तिथून वर पाहिलं. टोचलं नाही. तरी आणखी कमी केला. मग आठवड्याले जरासा वाढवत गेलो, जरासाच.

दोन महिने कोणीच उघडलं नाही. मग एका कोपऱ्यात हिरवं दिसलं, मग एक बटन, आता पाच आहेत. बाकीची नाही आली, ती गेलीच समजा. प्रज्ञाले सांगितलं तर म्हणे, पाच पुष्कळ झाली, बाबा. बुद्धपौर्णिमेले येतो म्हणली होती, सुट्टी भेटली नाही. मी समुद्र अजून पाहिला नाही. जावं वाटते, पण रोज आटलेलं पाणी भरून काढाले घरी कोणी पाहिजे, आणि सुनंदाशिवाय मी एकटा जात नाही.

मग रोज संध्याकाळी दुपट्टा घेऊन टाकीसमोर बसतो. तेव्हाच तिचा फोन येते, म्हणे, बाबा, पदर सारा, तोंड दिसू द्या. सारतो. तिच्या मागं खिडकीत पाण्याची एक पट्टी चमकते, तेवढाच माझा समुद्र. पोरी, जिथं असशील तिथं राह्य, पण कोणाचा उजेड तुह्या डोळ्याले टोचू नये.