रविवारचं खाद्य

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्कर शिंपी आणि प्रयोगशाळेत काम करणारी त्यांची भाची बसली होती.

“मामा, दंड दुखतोय?”

“छे गं! चिमूटभर कातडी तर काढली. मागच्या वेळी कापडच जुनं निघालं, त्याला कोण काय करणार?”

“कातडी चांगली होती, मामा.”

“मग पेशी मेल्या कशा?”

“कातडीच्या पेशी आधी कोऱ्या करतात, मग त्यांतून डोळ्याच्या घडवतात. कोऱ्या असताना त्यांना रोज खाद्य घालावं लागतं. रविवारीसुद्धा.”

“तान्ह्या बाळासारखं.”

“त्या रविवारी माझी ड्युटी होती. मी गेलेच नाही. वहीत मात्र ‘घातलं’ म्हणून लिहिलं.”

“का नाही गेलीस?”

“कंटाळा आला. दुसरं काही कारण नाही, मामा.”

“डॉक्टरांना ठाऊक आहे?”

“नाही. ते म्हणाले, पेशंटचं वय झालंय. मी मान डोलावली.”

“माझ्या एकट्याच्याच मेल्या?”

“आणखी दोघांच्या.”

“त्यांनाही वयच सांगितलं असेल.”

“हो.”

“तेही आज आलेत का, पुन्हा कातडी द्यायला?”

“मला चेहरे कुठे माहीत आहेत, मामा? पेशींच्या डब्यांवर नुसते नंबर असतात.”

मी बाही खाली ओढून दंडावरची पट्टी झाकली.