बाह्या दुमडलेला कोट

जेद्दाच्या शराफिया भागात, मी दवाखान्यात नंबरची वाट बघत होते. मागच्या बाकावर बहीणभाऊ मराठीत बोलत होते.

“हेमाताई, तू पप्पांना फोन केलास? आईच्या मातीला न आलेल्या माणसाला?”

“केला, रत्नाकर.”

“पण का?”

“मोबाइलवर एक कादंबरी वाचली. त्यातली मुलगी आधी देवाशी कडाकडा भांडते, मग प्रार्थना करते आणि बापाला माफ करते. तिच्याबरोबर मीही प्रार्थना केली.”

“तू? आई गेल्यापासून चर्चचं नाव काढलं नाहीस!”

“मलाच धक्का बसला. पण किती वर्षांनी शांत झोपले रे.”

“ताई, कोणीतरी रचलेली गोष्ट ती.”

“प्रभू येशूही गोष्टीच सांगायचे ना?”

“बरं, काय म्हणाले पप्पा?”

“मातीच्या दिवशी कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभे होते म्हणे. आत यायची हिंमत झाली नाही.”

“खोटं बोलतात!”

“तू त्यांचा काळा कोट घातला होतास, बाह्या दुमडून. तेही सांगितलं.”

“हे त्यांना कोणी सांगितलं?”

“कोणी नाही.”

“म्हणजे... खरंच आले होते?”

“हो.”

“फोन लाव.”

“काय बोलशील?”

“माहीत नाही. तू लाव.”