अप्पांची सायकल आणि मणी

कुत्र्याच्या इमानाचं निघालंच आहे, तर आमच्या मणीचं ऐका.

आवडी नावाच्या गावात फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये असताना आमच्याकडे चिप्पिपारै जातीचा हा शिकारी कुत्रा होता. रोज पळवला नाही तर घर डोक्यावर घ्यायचा, म्हणून अप्पा सायकल चालवायचे आणि तो शेजारून धावायचा.

अप्पा गेल्यावर आईने ती सायकल त्यांच्याच फॅक्टरीतल्या मुरुगनला देऊन टाकली. त्याने पेडल मारलं आणि मणी सायकलीबरोबर सुटला. मी किती ओरडले, त्याने वळूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी मुरुगन त्याला परत घेऊन आला. म्हणाला, "अम्मा, सायकल थांबली की हा माझं तोंड निरखून बघतो, आणि मग मागचा रस्ता बघत बसतो."

आई म्हणाली, "घेऊन जा त्याला, मुरुगा. तो अजून यांना शोधतोय. आम्ही तर थांबलो."