सरपंच घरी न्हाईत

माझं माहेर नळदुर्गाकडचं. हायवेच्या कडंला बापाचं पंक्चरचं दुकान हुतं, ट्रकवाले यायचे, शालू पानी आन म्हनून हाका मारायचे, म्हंजी शालन हे माझं नाव, तवाचं. लगीन होऊन ढोकीच्या अंगाला ह्या गावात आले, तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिव्हलं, रुक्मिनी, ते एकदा वाचून दाखवलं आन मंग ते बी कुनी घेतलं न्हाय. सासूला मी धाकली, पोरगं झालं तवा पवनची आई. काय सांगू ताई तुमाला, पंचवीस वरसं झाली, ह्या गावात मला माझ्या नावानं एकानं जरी हाक मारली असंल तर जीभ झडावी माझी.

तसं मी बी मालकाचं नाव कवा घेतलं न्हाय. आमच्यात घेत न्हाईत. उखान्यात घ्यायचं, तेवढंच. मंग हाक कशी मारायची? अवो. ऐकलं का. पवनचे पप्पा. एकदा कळंबच्या बाजारात गर्दीत चुकामूक झाली, मी आपली अवो अवो वरडतीय, धा मानसं वळून बघाय लागली, हे सोडून. हसा, हसा, पर खरं हाय.

मंग गावात सरपंचपद बायकांसाठी सुटलं. हे लई वरसं तयारीत हुते, दोन दिस धड जेवले न्हाईत, तिसऱ्या दिशी म्हनले तुझा फार्म भरू. मला कुनी इचारलं? निवडून आले मी, गुलाल उधळला ह्यांच्या अंगावर. दुसऱ्या दिसापसनं आख्खा गाव ह्यांना सरपंच म्हनाय लागला आन मला सरपंचीनबाई. ग्रामसेवक कागद घिऊन घरी यायचे, ते बोट ठिवतेल तिथं मी पिठाचे हात पुसून सही करायची. आन खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. नवऱ्याला हाक मारायला एवढ्या वरसांनी एक शब्द गावला की ओ! सरपंच, जेवाय या. सरपंच, डबा घ्या. मलाच लई गोड लागायचं ते.

दिवाळीनंतरची गोष्ट. भर दुपारी मी दारात ज्वारी निवडीत हुते. गावातली दीपाली आली, नववीला हुती पोरगी, शाळेच्याच ड्रेसवर, दप्तर पाठीला. म्हनली काकू, सरपंच हायत का? म्या मान सुदिक वर केली न्हाय, म्हनलं सरपंच घरी न्हाईत, कारखान्यावर गेलेत, सांच्याला ये. ती हललीच न्हाय. काय काम हुतं ग, म्हनलं. काय न्हाय म्हनली. पानी दिलं, घोटभर पिली, तांब्या खाली ठिवला, माझ्याकडं बघितलं आन गेली. म्या परत सुपातले खडे येचाय लागले.

चौथ्या दिशी तिचा साखरपुडा हुता. आमच्याकडं हल्ली साखरपुड्यातच लगीन उरकून घेतेत. आमी बी गेलो. सरपंच आले, सरपंच आले म्हनून ह्यांना टावेल-टोपी, नारळ, माईकवर पुकारलं, आन मला बायकांत बसवून कुकू लावलं, ब्लाऊजपीस दिला. अक्षता टाकल्या म्या. ताई, ह्या हातानं टाकल्या. पोरगी माझ्याकडंच बघत हुती, मला वाटलं वळखीचं मानूस दिसलं म्हनून बघती. आता तुमी इचारताल, ती लहान हाय हे दिसत नव्हतं का? दिसत हुतं. मला बी असंच दिलं हुतं. आन बोलायचं काम सरपंचाचं, असं वाटलं मला.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा झाला, मंग च्याला बसलो. शाळंतल्या मॅडम बाहेरगावच्या, जवळ येऊन हळूच म्हनल्या, बाई, त्या दिवशी दीपालीला मीच तुमच्याकडं पाठवलं होतं, म्हटलं तुमच्या गावात सरपंच बाई आहेत, त्यांना सांग, त्या लग्न थांबवतील. म्या म्हनलं माझ्याकडं? तर म्हनल्या, हो, आणि ती रडत परत आली, सरपंचबाई स्वतःच म्हणाल्या सरपंच घरी नाहीत. मला वाटलं तुम्हाला त्या भानगडीत पडायचं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले.

ताई, माझ्या हातात कप हुता, तो कवा कलंडला कळलं न्हाय, मांडी भाजली तरी कळलं न्हाय. मी घरी हुते की! मी दारात बसले हुते! लेकरू माझ्याकडं आलं, आन म्या माझ्याच तोंडानं सांगितलं मी घरी न्हाय म्हनून. कसं झालं ओ हे? कुनी जीभ धरून बोलायला लावलं न्हाय मला. हे म्हनले झालं ते झालं, बोभाटा करू नको, त्यांच्या घरात मतं हायत. म्या पहिल्यांदा ह्यांचं ऐकलं न्हाय.

मॅडमसंगं यष्टीत बसून कळंबाकडं तिच्या सासरी गेले. दारात हुबी ऱ्हाऊन इचारलं, दीपाली हाय का? सासू म्हनली, दीपाली? हितं कुनी दीपाली न्हाय. आन पोरगी तिच्याच पाठीमागं हुबी, हातात घागर! नाव बदललं हुतं तिचं. म्या म्हनलं दीपाली, मी सरपंच हाय, तुझ्यासाठी आलीय. ती रडली न्हाय, चिडली न्हाय. म्हनली, काकू, तवा बी तुमीच हुता की.

तिथनं तशीच पोलीस ठाण्यात गेले. तक्रार केली, अर्ज म्या लिव्हला, खाली सही केली, बोट ठिवायला कुनी नव्हतं. तिचा बाप आजून आमच्या दारात थुकून जातो. हे म्हैनाभर बोलले न्हाईत. पोरगी आता वसतिगृहात हाय, शिकतीय. गावात आली तर माझ्या दारावरून जात न्हाय, वरल्या आळीनं जाती. जाऊ दे. शिकू दे लेकराला, माझं आयुष्य लागू दे तिला.

परवा दारात एक बाई आली, म्हनली सरपंच हायत का? ताई, देवाशपथ, जिभंवर तेच आलं बघा, न्हाईत म्हनून. दात आवळले. म्हनलं हाय, बोल. तर ती माझ्या खांद्यावरनं आत बघाय लागली, ह्यांना हुडकाय. म्हनलं आत काय बघतीस बाई, आत कुनी न्हाय, हितं बघ. आन मी दार आडवून हुबी ऱ्हायले.