आईच्या होणाऱ्या नवऱ्याची चौकशी

…आणि वर आमची बायको नोरीन म्हणते, 'बघायला काय जातंय?' काय जातंय म्हणे. तुम्हाला सांगतो, आपल्या फ्लोरिडात सरकारच्या वेबसाइटवर तुरुंगात जाऊन आलेल्या कुणाचंही नाव टाका, कुलूप नाही, किल्ली नाही, 'बाबा रे, तू कोण, तुला कशाला हवं' असं विचारणारं कुणी नाही, फोटोसकट माणूस हजर… आता असं उघड्यावर कुणी टाकतं का?

झालं काय, आमची आई लोरेटा, साठी उलटलेली, बाबांना जाऊन चार वर्षं झालेली, रविवारी जेवताना मला म्हणते, 'वेंडेल, मी लग्न करतेय, कोबी घे अजून.' कुणाशी? तर एमेट प्रुएटशी, म्हणजे चर्चमागे दर शुक्रवारी मासे तळतो तो, यंदाच गावात परत आलेला म्हातारा. घरी आल्यावर बायको म्हणते, 'अरे, घर घेताना वाळवी बघतोस ना, मग माझी सासू देताना एवढं बघ. बघायला काय जातंय?'

बघितलं. आणि निघाला की हो तो. केस खांद्यापर्यंत, डोळे वटारलेले, साल त्र्याऐंशी, गुन्हा काय, तर संत्र्यांचा भरलेला ट्रक पळवला. अहो, फ्लोरिडात संत्री चोरतं का कुणी? खोटं कशाला बोलू, मी खूश झालो. म्हटलं मोडलं लग्न. तिथे थांबायचं ना? पण नाही, बघायला काय जातंय, म्हणून खाली सरकवलं… उंची, वजन, मग अंगावरच्या खुणा. सरकारला त्याही लागतात. उजव्या दंडावर गोंदण: लोरेटा.

आमची आई. कैद्याच्या दंडावर.

आणि त्याखाली, डावा पाय, दुसरं आणि तिसरं बोट जन्मापासून एकमेकांना जोडलेली… मी स्वयंपाकघरात अनवाणी उभा. मी खाली बघितलं. नोरीननं खाली बघितलं. लग्न झाल्यापासून माझ्या त्या पायाला 'बदक, बदक' म्हणून चिडवत आलीय ती, आज तिनंच माझ्यापुढे चप्पल सरकवली. तो डिसेंबरात आत गेला, माझा जन्म लगेच पुढच्या एप्रिलचा. पुढचं तुम्हीच बघा, मला बघवत नाही.

तसाच फोन घेऊन आईकडे. ती मागल्या दारी शेंगा उकडत होती. चष्मा लावला, फोटो बघितला, 'अगंबाई, केस बघ मेल्याचे.' म्हटलं, आई, केस नको, पाय बघ. तिनं वाचलं, चष्मा काढला आणि शेंगांखालची आच बारीक केली.

'बाबांना माहीत होतं?'

'पहिल्या दिवसापासून. म्हणाले, पोराला बाप हवा ना, मी आहे. पुन्हा कधी विषय काढला नाही.'

तुम्हाला सांगतो, गळ टाकायला बाबांनी शिकवलं, सायकल बाबांनी शिकवली. लहानपणी शाळेतली पोरं पायावरून हसली की जवळ घेऊन म्हणायचे, 'हसू देत. आपल्या घराण्यात सगळ्यांचं असंच असतं, पोहायला बरं.' सगळ्यांचं म्हणे… आणि समुद्रावर गेलो की हा माणूस मोजे घालून वाळूत. जून महिन्यात, फ्लोरिडात, मोजे! सगळा किनारा हसायचा, आईसुद्धा हसायची. आम्हाला वाटायचं, विक्षिप्तच आहे जरा. पण त्यांचा पाय मी जन्मात बघितला नाही हो. त्यांनी बघूच दिला नाही.

आता लग्न मोडायचं कुठल्या तोंडानं? पुढच्या शनिवारी आहे, समुद्रावर, आपल्याकडच्या पद्धतीनं सगळे अनवाणी, आणि आईचा हात धरून तिला त्या संत्रीचोरापर्यंत नेणार कोण, तर मी.

नेईन. पण मोजे घालून. बाबांचेच आहेत, कपाटात जोड्याच्या जोड्या पडल्यात… आणि हसायचं त्यांनी खुशाल हसावं, आमच्या घराण्यात सगळ्यांचं असंच असतं.